प्लास्टरला पण ५३ ग्रेडच पाहिजे का?

घर बांधायला काढलं की कोणीतरी सांगतंच, सिमेंट ५३ ग्रेडचंच घे, प्लास्टरलासुद्धा, नंबर मोठा म्हणजे भिंत मजबूत. असं काही नसतं हो. ५३ म्हणजे त्या सिमेंट-वाळूचा टेस्टचा ठोकळा २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला निदान ५३ न्यूटन दाब झेलतो, बास, आणि प्लास्टरवर कुठला आलाय एवढा दाब! उलट हे सिमेंट पटकन ताकद धरतं, तापतं जास्त, आणि पाणी मारायला जरा आळस झाला की भिंतभर बारीक बारीक भेगा. प्लास्टरला सरळ पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, म्हणजे बहुतेक वेळा राख मिसळलेलं सिमेंट) घ्या, आतून एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), बाहेरून एकास चार, आणि निदान १० दिवस पाणी मारा. मिस्त्री तिसऱ्याच दिवशी 'झालं साहेब' म्हणेल, त्याचं ऐकू नका.