पुतळा चालतो, भिंतीला विचारावं लागतं
(आपल्या भागातली कला मुलांच्या चित्रपुस्तकात घेताना – ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शाळा, वाचनालयं आणि हल्ली हाउसिंग सोसायट्यासुद्धा आमच्याकडे येतात. "आमच्या भागाचं एक चित्रपुस्तक करून द्या" म्हणतात आणि मोबाइलमधले फोटो दाखवतात. चौकातला पुतळा, जुनं कारंजं, पुलाखालच्या भिंतीवरचं भलंमोठं रंगीत चित्र. मग ठरलेला प्रश्न येतो, "रस्त्यावरच तर आहे, त्याला परवानगी कशाला?" काही गोष्टींना खरंच लागत नाही, काहींना लागते.

शिल्प आणि भिंतचित्र

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमानुसार सार्वजनिक जागी कायमचं बसवलेलं शिल्प रेखाटायला, त्याचा फोटो छापायला मोकळीक आहे. इमारतींनाही तशीच सवलत आहे. मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनच्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, ते दोघे खुशाल पुस्तकात आणा. पण ही सवलत चित्र आणि फोटो यांच्यापुरती आहे. पुस्तकासोबत पुतळ्याची छोटी प्लॅस्टिकची प्रतिकृती द्यायची असेल, तर ते प्रकरण निराळं.

भिंतीवर रंगवलेलं चित्र कायद्याच्या लेखी चित्रच, आणि शिल्पाची सवलत त्याला मिळत नाही. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतो. विचारायचं कुणाला, इथे लोक गोंधळतात. चित्रकाराने आपणहून रंगवलं असेल तर त्याला विचारायचं. कुणी पैसे देऊन रंगवून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क सहसा रंगवून घेणाऱ्याकडे जातो. निव्वळ भिंतीचा मालक "घ्या की!" म्हणाला, तर ते पुरत नाही. पत्राचा मसुदा आम्ही करून देतो, सही तुम्ही आणायची.

आणखी एक. गूगलवरचा फोटो समोर ठेवून आम्ही चित्र गिरवत नाही. पुतळा सगळ्यांचा असला तरी फोटो कुणाचा तरी असतो. जागेवर जाऊन स्केच करतो किंवा तुम्ही स्वतः काढलेले फोटो वापरतो.

गोष्ट कुठे सापडते

मुंबईतला काळा घोडाच घ्या. राजपुत्र असतानाचे ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड घोड्यावर बसलेत, असा शिल्पकार बोएमने केलेला हा पुतळा १८७९ साली बसवला गेला. १९६५मध्ये पुतळा काढला (आम्ही चित्र 'काढतो', तसा नव्हे) आणि पुढे तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. चौकाचं नाव मात्र तेच राहिलं. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, पण पाठीवर स्वार नाही! मोठी माणसं हा इतिहास वाचून पुढे जातात. लहान मूल विचारतं, "वरचे काका कुठे गेले?" पुस्तक तिथून सुरू होतं.

राणीच्या बागेत त्या जुन्या घोड्याला शेजारीही भेटतो. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यामुळे. १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायला निघाले, तेव्हा त्याचे तुकडे झाले. १९१४मध्ये ते पुन्हा जोडले. जवळ गेलात तर अंगावरचे सांधे दिसतात. आमचा चित्रकार ते सांधे हटकून ठेवतो. गुळगुळीत हत्ती कुठेही मिळतो.

म्हणून आमचा आग्रह असतो की दहा स्थळांची यादी देऊ नका. दोन-तीनच द्या, आणि ती मुलाच्या उंचीवरून पाहून या. चौथऱ्याशी उभ्या चार वर्षांच्या मुलाला आधी घोड्याचं पोट दिसतं.

छपाईत सांभाळायच्या गोष्टी

साधारण ३२ पानं, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे (एक मोठा कागद छापून, घडी घालून होणारा पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा). मधोमध पिना. जोडपानावर चित्र पसरायचं तर तोंड घडीत जाऊ द्यायचं नाही. एकदा आमच्याच पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, घोड्याचं नाक नेमकं घडीत गेलं आणि तो बैलासारखा दिसू लागला. काळा रंग नुसत्या काळ्या शाईत फिका पडतो, त्यात थोडी निळी मिसळावी लागते. म्हणून स्क्रीनवर पाहून होकार देऊ नका, कागदावरचं प्रूफ मागा.

श्रेय

परवानगी लागो न लागो, शेवटच्या पानावर कलाकाराचं नाव येणारच. कलम ५७नुसार हक्क विकला तरी आपलं नाव मागण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. नाव ठाऊक नसेल तर चौथऱ्यावरची पाटी वाचा, भिंतचित्राच्या खालच्या कोपऱ्यात सही शोधा. मुलांनाच हे काम द्या, ती आपल्याआधी शोधतात.

पहिल्या भेटीला येताना जागेचा पत्ता, तुम्ही काढलेले फोटो (एक तरी गुडघ्यावर बसून काढलेला) आणि पाटी असल्यास तिचा स्पष्ट फोटो आणा. भिंतचित्र असेल तर त्याचे फोटो आजच काढून ठेवा. परवानगीचं पत्र येईपर्यंत भिंतीला चुना लागल्याचं आम्ही पाहिलंय.