पार्श्वभूमी : ऑक्टोपॅडचा 'पॅच' आणि साउंड 'पॅक'

हळद असो की विसर्जन, बेंजो पार्टीत ऑक्टोपॅडवाल्याचा (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवाल्याचा) भाव त्याच्या हातावर जितका ठरतो तितकाच त्याच्याकडच्या पॅचवर. पॅच विकणाऱ्याने नेमकं काय विकलं यावर मात्र वाद झडतात. मूळ घोळ शब्दाचा आहे : यंत्रातल्याच आवाजांची जुळणी तोही 'पॅच', आणि बाहेरून टिपून आणलेले आवाज तेही 'पॅच'.

१९८५च्या पहिल्या ऑक्टोपॅडला आठ पॅड होते, स्वतःचा आवाज एकही नव्हता. काठी पडली की मिडी (वाद्यांनी एकमेकांना सूचना द्यायची भाषा) केबलमधून नुसता निरोप जायचा, वाजायचं दुसरंच यंत्र. पुढच्या मॉडेलांच्या पोटात आवाज आले. त्यांतलं आपल्याकडे खरं रुजलं ते एसपीडी-२०. त्यात ७०० आवाज आणि पॅचसाठी ९९ जागा. बाहेरचा आवाज आत घ्यायची सोयच नाही.

म्हणजे एसपीडी-२०चा 'ओरिजिनल ढोलकी पॅच' विकत घेतला तर त्यात ढोलकी नसते. एका पॅडवर दोन आवाज चढवता येतात. कारागीर तबल्याच्या डग्ग्याचा आवाज घेतो, पिच खाली ओढतो, डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) कापतो, वर दुसऱ्या एखाद्या आवाजाची कडक थाप बसवतो. हे सगळं आकड्यांत साठतं. आकडे केबलने दुसऱ्या एसपीडी-२०मध्ये उतरवा, तोच घुमारा मिळेल; वेगळ्या यंत्रात त्यांना काही अर्थ नाही. म्हणून 'नुसते आकडे तर आहेत' असं कुणी हिणवतं. ते मला पटत नाही. ७०० आवाजांतून ढोलकीची 'धुम' शोधायला कान लागतो.

मग वेव्ह फाइल (ध्वनिमुद्रणाची फाइल) थेट घेणारे सॅम्पलिंग पॅड आले. आता आत खरीच ढोलकी असते : कुणीतरी वाजवलेली, कुणीतरी माइक लावून टिपलेली. हा झाला पॅक. बाजारात नाव मात्र 'पॅच'च राहिलं.

गेममध्येही हीच फाळणी दिसते. १९९४च्या सुमारास साउंडफॉन्ट (वाद्यांच्या टिपलेल्या आवाजांची बँक) चढवता येणारी साउंड कार्डं आली. गेमची मिडी धून तीच, पण बँक बदलली की वाद्यवृंद निराळा. उलट १९९३च्या 'डूम'मध्ये खेळाडू बंदुकीचा आवाजच काढून दुसरा घालत. 'माइनक्राफ्ट'मध्ये २०१३ साली नुसती चित्रं बदलणाऱ्या टेक्स्चर पॅकचं रिसोर्स पॅक झालं आणि चित्रांसोबत आवाजही एकाच झिपमध्ये बसू लागले. फाइलचं नाव एका अक्षराने चुकलं तर मूळचाच आवाज वाजतो.

टिपलेला आवाज म्हटला की मालक आला. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र हक्क आहे. किती छोटा तुकडा चालतो, यावर अमेरिकेत दोन अपील न्यायालयांची तोंडं दोन दिशांना आहेत. २००५मध्ये एकाने दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यावरून ठरवलं की कितीही छोटा असो, परवाना घ्या नाहीतर हात लावू नका. २०१६मध्ये दुसऱ्याने पाव सेकंदाहून छोटा ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) ठोका क्षुल्लक मानून सोडून दिला.

'रॉयल्टी-फ्री' शब्दही तसाच फसवा. असा पॅक गाण्यात वापरला की दर गाण्यामागे पैसे द्यावे लागत नाहीत, पण तेच आवाज सुटे पुन्हा विकायला परवान्यात बहुधा बंदी असते. विकतचा पॅक नाव बदलून 'नवीन हळदी पॅच' म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरतो, तेव्हा नेमकं हेच कलम मोडलेलं असतं.