फुलपाखरू बाग (कोल्हापूर परिसर)

फुलपाखरांना फुलांतला मधुरस आणि त्यांच्या अळ्यांना पाला मिळावा, अशा बेताने झुडपे, वेली व काही तण राखलेली बाग. ती घराच्या परड्यात, अंगणाच्या कडेला, शाळेच्या आवारात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांतही होते. रोपवाटिकेत ‘फुलपाखरांची झाडे’ मागितली की फुलझाडेच हातात पडतात आणि बहुतेकांची बाग तिथेच थांबते. फुलावर फुलपाखरू जेवायला येते; अंडी घालायला मात्र मादीला ठरावीक झाडाचे पान लागते. ते नसेल तर पाहुणे येतात, घोटभर पितात आणि जातात. या नोंदीत म्हणूनच फुलांइतकाच पाल्याचा विचार केला आहे.

परिसर. कोल्हापूर शहर पंचगंगेच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवर आहे. पश्चिमेला गगनबावडा हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, तर पूर्वेला शिरोळकडे पाऊस बराच कमी होतो. पश्चिम घाटात फुलपाखरांच्या ३३० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. दाजीपूर-राधानगरीचे जंगल (१९५८ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर) आणि पन्हाळ्याचा डोंगर शहरापासून फार लांब नाहीत. त्यामुळे शहरातल्या बागेत मोकळ्या माळावरची आणि रानाच्या कडेची अशी दोन्ही प्रकारची फुलपाखरे येऊ शकतात.

कण्हेर. करवीर हे कोल्हापूरचे जुने नाव. शहराभोवतालचा तालुका आजही करवीरच म्हणवतो. संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर (नेरियम ओलिअँडर). गावाला नाव झाडावरून मिळाले की पुराणातल्या असुरावरून, या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. पण या गावात फुलपाखरांसाठी एकच झुडूप लावायचे असेल तर ते कण्हेर असावे. ‘कॉमन क्रो’ म्हणजे मराठीतले हबशी या काळपट तपकिरी, कडेला पांढरे ठिपके असलेल्या फुलपाखराची मादी कण्हेरीच्या कोवळ्या पानाखाली एकेक अंडे घालते. अळीच्या अंगावर आडवे पट्टे आणि पाठीवर लांब काळ्या शिंगांच्या चार जोड्या असतात. कण्हेरीच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषे असतात, तरी ही अळी तो पाला निवांत खाते. हबशी पक्ष्यांना बेचव लागतो. एकदा चोच मारलेला पक्षी सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

खरी गंमत कोषाची. पानाखाली उलटा लटकलेला हबशीचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. त्यात अंगण, आकाश आणि वाकून पाहणाऱ्याचा चेहराही दिसतो. ही चमक रंगाची नसते. कोषाच्या आवरणात एकावर एक असलेल्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून तो आरशासारखा दिसतो. आठ-दहा दिवसांत कोष काळवंडला की फुलपाखरू बाहेर पडायच्या बेतात आहे असे समजावे. हबशीच्या अळ्या वड, उंबर आणि उपळसरीवरही वाढतात, पण परड्यात वड कोण लावणार?

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. गोठ्यालगत, गुरांच्या तोंडाला येईल अशा कुंपणात किंवा लहान मुले खेळतात तिथे ती लावू नये. छाटलेल्या फांद्या वैरणीत मिसळू देऊ नयेत आणि जाळूही नयेत. पिवळ्या घंटाफुलांची बिट्टी हिलाही काही जण पिवळी कण्हेर म्हणतात. ते झाड वेगळे, विषारी मात्र तितकेच.

मधुरसाची झुडपे. फुलपाखराची सोंड लांब व बारीक असते. त्यामुळे नळीसारख्या लहान फुलांचे गुच्छ त्याला सोयीचे. गुच्छावर पाय टेकून एका बैठकीत वीस-पंचवीस फुले तपासता येतात. एक्झोरा म्हणजे पेंटगुळ या बाबतीत सर्वांत पुढे. त्याची फुलनळी अडीच-तीन सेंटिमीटर लांब असल्याने तळाशी सोंड पोचते ती मोठ्या फुलपाखरांचीच. नीलवंत (ब्लू मॉर्मन) हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये ते जाहीर झाले आणि राज्य फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. मखमली काळ्या पंखांवर निळी झाक असलेले, पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंमी. भरणारे हे फुलपाखरू पेंटगुळावर पुरते न बसता पुढचे पंख फडफडवतच रस पिते. फोटो हलतो तो त्यामुळे.

कोल्हापुरात पेंटगूळ लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. झाडाला आम्लधर्मी माती हवी असते आणि नदीकाठच्या काळ्या, चुनखडी असलेल्या मातीत त्याला लोह घेता येत नाही. पश्चिमेकडच्या जांभ्याच्या तांबड्या मातीत हा त्रास फारसा नसतो. शहरात खड्ड्यात निम्मी तांबडी माती व कुजलेले शेणखत घालावे; तरीही पिवळेपणा आला तर हिराकस (लोहाचा क्षार) अगदी कमी प्रमाणात पाण्यातून द्यावे.

पेंटास कुंडीत चालते आणि जवळजवळ वर्षभर फुलते. जास्वंदीवर मोठी फुलपाखरे येतात, पण ती एकेरी हवी. दुहेरी जास्वंद, दुहेरी झेंडू यांसारख्या जातींत जास्तीच्या पाकळ्यांमुळे रस कमी असतो किंवा त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद होते. देवाला ती फुले शोभून दिसतात. फुलपाखराला उपयोग नाही. रानातल्या झुडपांपैकी भांडीर, दिंडा आणि भारंगी यांचा विचार बागेत फार कमी होतो. भारंगीच्या कोवळ्या पानाफुलांची पावसाळ्यात भाजी होते, म्हणजे ती लावली तर स्वयंपाकघराचाही फायदा. अंगणाच्या कोपऱ्यात आपोआप उगवणारी एकदांडी उपटू नये. लहान फुलपाखरांचा तो हक्काचा थांबा असतो.

टणटणी (घाणेरी) हा नाजूक विषय आहे. तिच्यावर फुलपाखरांची गर्दी होते हे खरे, पण मूळची अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आली आणि पुढे रानांच्या कडा व चराऊ माळ तिने गिळले. बुलबुल तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात. शहरातली टणटणी रानात पोचायला डोंगर चढावा लागत नाही. तिच्याऐवजी पेंटगूळ-पेंटास लावणेच बरे.

पाल्याची झुडपे. यांतली निम्मी कोल्हापूरच्या घरात आधीच असतात. कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांवर कॉमन लाइम व कॉमन मॉर्मन ही फुलपाखरे अंडी घालतात. नीलवंतही लिंबूवर्गीय झाडांवर येतो. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि घरातली मंडळी ती घाण समजून धुऊन टाकतात. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दुशाखी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. कढीपत्त्याची दोन झाडे लावावीत. एक आमटीच्या फोडणीला, एक अळ्यांना. फोडणीच्या झाडावरची अळी अलगद दुसऱ्यावर नेऊन ठेवता येते.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, म्हणून देवळाजवळ रुईचे झुडूप हमखास सापडते. बिबळ्या कडवा (प्लेन टायगर) त्याच रुईवर वाढतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा त्याचा प्रवास साधारण महिन्याभरात होतो, त्यामुळे शाळेच्या बागेत मुलांना दाखवायला याच्याइतकी सोयीची जात नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. डॅनेड एगफ्लाय (छोटा चांदवा) या जातीची मादी बेचव बिबळ्या कडव्याचे हुबेहूब सोंग घेते. तिच्या अळ्या मात्र वाफ्यातल्या घोळीवर वाढतात. भाजीची घोळ थोडी राखली की नक्कल आणि अस्सल दोन्ही एकाच अंगणात पाहायला मिळतात.

जागा कमी असेल तर पानफुटी. रेड पिएरो हे जेमतेम तीन सेंटिमीटरचे काळे-पांढरे-नारिंगी फुलपाखरू तिच्यावर अंडी घालते आणि अळी जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पान वरून फुगलेले, आतून पोकळ दिसते. चित्रकावर झेब्रा ब्ल्यू, कोरांटीवर लेमन पॅन्सी, कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर, एरंडावर एरंड्या, सोनचाफा-सीताफळावर टेल्ड जे, भूतकेसावर कमांडर अशा जोड्या ठरलेल्या आहेत. सापसंदाची वेल (ॲरिस्टोलोकिया इंडिका) मिळाली तर क्रिमझन रोज येण्याची शक्यता असते. मात्र त्याच कुळातल्या शोभेच्या परदेशी वेलीला भुलून मादी अंडी घालते आणि अळ्या तो पाला खाऊन मरतात, म्हणून वेल विकत घेताना जात खात्रीने विचारावी.

खुळखुळा आणि भुरुंडी या दोन रानझाडांचे काम वेगळेच. कडवा व हबशी यांचे नर त्यांची सुकलेली वा ओरखडलेली पाने चोखतात. त्यातली अल्कलॉइडे (वनस्पतींतली कडू, बहुधा विषारी द्रव्ये) त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतात. भुरुंडीची एखादी तोडलेली फांदी दोरीला वाळत टांगली, तरी तिच्याभोवती नर जमतात.

लागवड व निगा. मृगाचा पाऊस स्थिर झाल्यावर, जूनअखेर ते जुलै, लागवड करावी. कण्हेर, जास्वंद, पेंटास पेन्सिलीएवढ्या जाड काडीपासून येतात. पेंटगुळात दोन-अडीच फूट, कण्हेरीत पाच-सहा फूट अंतर ठेवावे. फुलपाखराला उडण्याआधी अंग तापवावे लागते, म्हणून दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे आणि पश्चिमेचा वारा अडवायला कडेला उंच झुडपे हवीत. एकाच जातीची चार-पाच झुडपे एकत्र लावली तर ती उडत्या फुलपाखराला लांबून दिसतात. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात बशीभर वाळू व माती ओली ठेवून चिमूटभर मीठ टाकावे; नर तिथे क्षार शोषायला टेकतात. छाटणी फेब्रुवारीअखेर करावी. पावसाळ्यात कात्री चालवली तर पानाखालचे कोषही जातात.

औषधफवारणी पूर्ण बंद, हा नियम पाळणे सर्वांत अवघड. कण्हेर व रुईच्या शेंड्यावर पिवळा मावा पडतोच. तो पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने झाडावा, उरलेला ढालकिडे खातात. निंबोळी अर्क आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस (अळ्यांना मारणारा जिवाणू) ही ‘सेंद्रिय’ औषधेही अळ्यांना मारतात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपात आंतरप्रवाही (झाडाच्या अंगात भिनलेले) कीटकनाशक असू शकते, म्हणून पहिले काही आठवडे त्यावर अळ्या टिकल्या नाहीत तर आश्चर्य वाटू नये. गांधीलमाश्या, सरडे, पक्षी आपला वाटा उचलतातच. बहुसंख्य अंडी फुलपाखरापर्यंत पोचत नाहीत.

हंगाम. जुलैच्या संततधारेत बाग सुनी असते. गौरी-गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की गर्दी वाढते आणि दिवाळीपर्यंत टिकते. सकाळी नऊ ते अकरा ही पाहण्याची चांगली वेळ.

नावांच्या बाबतीत एक घोटाळा इथे नोंदवावा. हळदीकुंकू हे लाल-पिवळ्या फुलांच्या एका झुडपाचे (ॲस्क्लेपिअस क्युरासाव्हिका) नाव आहे, त्यावर बिबळ्या कडवा अंडी घालतो. हळदीकुंकू हेच कॉमन जेझेबेल या फुलपाखराचेही नाव आहे, कारण त्याच्या पंखांची खालची बाजू पिवळी-लाल असते. पण या फुलपाखराच्या अळ्या हळदीकुंकवाच्या झुडपाला तोंड लावत नाहीत. मादी थव्याने अंडी घालते ती आंब्याच्या फांद्यांवर वाढणाऱ्या बांडगुळावर. बागाईतदार बांडगूळ दिसताच कोयता चालवतो आणि आंब्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परड्यातल्या जुन्या आंब्याचे उत्पन्न कोणी मोजत नसेल, तर वरच्या एखाद्या फांदीवरचे बांडगूळ तसेच राहू देणारेही आहेत.