बेलेनेन्सेश

पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधील बेलें या नदीकाठच्या भागातील फुटबॉल क्लब. स्थापना २३ सप्टेंबर १९१९. बेनफिका आणि स्पोर्टिंग या दोन्ही मातब्बर संघांतून खेळलेला बेलेंचा आर्तुर जोझे परेरा याने पुढाकार घेऊन हा संघ उभा केला. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कचे नाव असलेल्या चौकातील एका बाकावर ही गोष्ट ठरली, असे क्लबचे लोक सांगतात.

शर्ट निळा, चड्डी पांढरी आणि छातीवरच्या बोधचिन्हात 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या जुन्या पोर्तुगीज धार्मिक-लष्करी पंथाचा लाल क्रूस. १४९७ मध्ये याच किनाऱ्यावरून भारताकडे निघालेल्या वास्को द गामाच्या शिडांचाही हाच क्रूस. पुढे कोर्टकज्जा झाला तो याच चिन्हावरून.

१९४५–४६ मध्ये क्लबने लीग जिंकली. बेनफिका, स्पोर्टिंग, पोर्तो ही तिकडी सोडून हा मान आणखी फक्त बोआविश्ताला मिळाला, तोही २००१ साली. १९४२, १९६० आणि १९८९ मध्ये पोर्तुगीज चषक मिळाला. रेआल माद्रिदने १९४७ मध्ये आपल्या नव्या मैदानाचे उद्‌घाटन केले ते बेलेनेन्सेशशी खेळून. मोझांबिकमधून आलेला मातातेऊ हा पन्नाशीच्या दशकातला गोलांचा राजा. १९५६ पासून क्लबचे घर म्हणजे रेश्तेलो मैदान.

व्यावसायिक संघ चालवणाऱ्या कंपनीचे बहुसंख्य भाग २०१२ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे गेले आणि २०१८ मध्ये क्लब व कंपनी यांची फारकत झाली. कंपनीचा संघ पहिल्या विभागात राहिला, पण रेश्तेलो सुटले आणि न्यायालयाने नाव व क्रूस वापरण्यासही मनाई केली. 'बी-साद' ('साद' हे पोर्तुगीजमधील 'क्रीडा कंपनी'चे लघुरूप) या कोरड्या नावाने तो रिकाम्या बाकांपुढे खेळत राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोविडमुळे बेनफिकाविरुद्ध या संघाचे नऊच जण उतरले. त्यांतही एक गोलरक्षक मैदानी खेळाडू म्हणून. मध्यंतरापर्यंत ०–७. नंतर सातजण परतले, त्यांतला एक जायबंदी झाला आणि सातांपेक्षा कमी खेळाडू चालत नसल्याने सामना थांबवावा लागला. २०२२ मध्ये संघ पहिल्या विभागातून उतरला.

मूळ क्लबने मात्र लिस्बन जिल्ह्याच्या तळाच्या विभागातून नव्याने सुरुवात केली. निळा शर्ट, क्रूस, रेश्तेलो आणि जुने चाहते त्याच्याकडेच राहिले. एकेक पायरी चढत २०२३ मध्ये तो दुसऱ्या विभागात पोहोचला. पुढच्याच हंगामात पुन्हा तिसऱ्यात घसरला.