कॉफीच्या चोथ्यावर धिंगरी : किट उघडण्याआधी हे वाचा

सातारा-सांगलीत कॉफीचा चोथा मिळणार कुठून, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आधी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे घरोघरी चहाच चालतो, आणि ज्या घरात कॉफी होते तिथेही बहुतेक वेळा बाटलीतली इन्स्टंट. ती पाण्यात सगळी विरघळते, मागे काहीच उरत नाही. चोथा उरतो तो फिल्टर कॉफीचा आणि मशीनवरच्या एस्प्रेसोचा. साताऱ्यात, कराडला, सांगली-मिरजेत आता कॅफे आहेत, पुणे-बंगळूर महामार्गावरच्या हॉटेलांत मशीन बसली आहेत, आणि महाबळेश्वर-पाचगणीला हंगामात ती दिवसभर चालू असतात. भाजलेल्या कॉफीचा साधारण पाचवा हिस्साच पेल्यात उतरतो. बाकीची पूड ओल्या, घट्ट वड्यांच्या रूपात मशीनमधून निघते आणि थेट कचऱ्याच्या बादलीत जाते. त्याच वड्या गव्हाच्या किंवा भाताच्या काडात मिसळल्या की त्यावर धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, चांगली येते.

बटन मशरूमला कंपोस्ट, थंड खोली, वरून मातीचा थर असा सरंजाम लागतो. धिंगरी ही मुळात लाकूड आणि काड कुजवणारी बुरशी. काडातले सेल्युलोज आणि लिग्निन हे चिवट घटक ती स्वतः फोडून पचवते, म्हणून घरातही जमते. १९६२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बानो आणि श्रीवास्तव यांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेऊन दाखवली. कॉफीच्या चोथ्याचे घरगुती किट ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००९ च्या सुमारास कॅफेतला चोथा गोळा करून त्यावर धिंगरी वाढवायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे किट विकले. आम्ही ती कल्पना इथल्या हवेला आणि इथल्या काडाला जुळवून घेतली आहे. ज्यांना घरापुरते नाही तर धंदा म्हणून करायचे आहे, त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाकडे प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी. आमचे किट हे घरच्या भाजीपुरते आहे.

चोथा एकटा नको

नुसत्या चोथ्यावर उगवलेल्या धिंगरीचे फोटो तुम्ही पाहिले असतील. उगवते, त्यात खोटे काही नाही. पण चोथा फार बारीक असतो. पिशवीत दाबला की त्याचा चिखल होतो, मध्ये हवा राहत नाही आणि हवा नसलेल्या जागी धिंगरीचे जाळे पुढे सरकत नाही. तिथे आंबूस वासाचे जिवाणू वाढतात. शिवाय चोथ्यात साधारण दोन टक्के नत्र असते, गव्हाच्या काडात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नत्र जास्त म्हणजे धिंगरीला खुराक चांगला, पण इतर बुरशींनाही तोच खुराक. म्हणून आमचे प्रमाण ठरलेले आहे : ओल्या वजनाने एक भाग चोथा, दोन भाग भिजवलेले काड. काडामुळे हवा खेळते, चोथ्यामुळे ताकद मिळते. नुसत्या काडापेक्षा उत्पन्न वाढते आणि जोखीमही हाताबाहेर जात नाही.

काड कोणते, हे तुमच्या गावावर आहे. गव्हाचे काड सगळ्यात सोयीचे. पाटण-जावळीकडे भाताचा पेंढा मिळतो, तो तितकाच चांगला. सोयाबीनचे भुसकट चालते, मात्र पावसात भिजून काळे पडलेले घेऊ नका. उसाचे पाचट चालेल का, असे वाळवा-शिराळ्याचे जवळजवळ सगळेच ग्राहक विचारतात. चालते, पण पानावर मेणासारखा थर असल्याने पाणी लवकर धरत नाही. बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवावे लागते.

आणि चहाचा चोथा? नको. आपला चहा दूध, साखर, आले घालून उकळलेला. त्या चोथ्यात दूध आणि साखर मुरलेली असते आणि ती पिशवीत दोन दिवसांत नासते. धुऊन वापरला तरी भरवसा नाही. तो तुळशीला, गुलाबाला घाला.

ताजा म्हणजे किती ताजा

कॉफी नव्वदच्या वर तापमानाच्या पाण्यात होते, त्यामुळे मशीनमधून निघताना चोथा जवळजवळ निर्जंतुक असतो. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि तो टिकतो फक्त काही तास. उघड्या बादलीत रात्रभर राहिलेल्या चोथ्यावर दुसऱ्या दिवशी सहसा काही दिसत नाही, पण बुरशीचे बीजाणू तोवर बसलेले असतात. आमचा नियम असा : आजचा चोथा आज भरा. ते जमत नसेल तर झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाका. घरी फिल्टर कॉफी करणाऱ्यांना रोज दोन-चार चमचेच चोथा मिळतो. त्यांनी असाच साठवावा आणि पुरेसा झाला की भरण्याआधी एकदा वाफवून, गार करून घ्यावा.

नाकावर विश्वास ठेवा. चांगल्या चोथ्याला कॉफीचाच वास येतो. आंबट, कुबट किंवा मातकट वास आला तर तो खताच्या खड्ड्यात, पिशवीत नाही. चिकोरी मिसळलेल्या फिल्टर कॉफीचा चोथा चालतो, तो थोडा चिकट असतो म्हणून काड जरा जास्त घ्या. कागदी फिल्टर फाडून त्यातच घातला तरी हरकत नाही.

पिशवी भरताना

किटमध्ये कापलेले गव्हाचे काड ४०० ग्रॅम, गव्हाच्या दाण्यावर वाढवलेले धिंगरीचे बी २०० ग्रॅम, छिद्रे पाडलेली पिशवी आणि रबर आहे. तुम्ही घालायचा तो ६०० ते ७०० ग्रॅम ओला चोथा.

काड मोठ्या पातेल्यात सात-आठ तास भिजवा. पाणी काढून टाका, मग वरून उकळते पाणी ओता, काड पूर्ण बुडू द्या, झाकण ठेवा आणि पातेल्याभोवती गोणपाट गुंडाळून तासभर हलवू नका. काड शिजवायचे नाही, ६५ ते ८० अंशांवर तासभर राहील इतकेच बघायचे. बाजारात कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि फॉर्मॅलिन (जंतुनाशक) घातलेल्या पाण्यात काड बुडवायची पद्धत चालते. मोठ्या शेडमध्ये ती सोयीची असेल, पण जे घरातल्या मोरीत करायचे आणि घरातल्यांनी खायचे त्यासाठी ती आम्हाला पटत नाही.

काड चाळणीवर निथळून पूर्ण गार होऊ द्या. कोमट काडात बी घातले तर बी मरते. चोथा मिसळा आणि मूठभर मिश्रण घट्ट पिळा. बोटांतून दोन-तीन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर अजून पसरून ठेवा. थेंबच आला नाही तर उकळून गार केलेले पाणी शिंपडा. बी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको (उन्हाळ्यात देतो ते गुलाबी धिंगरीचे बी मात्र फ्रीजमध्येही नको, ते थंडी सोसत नाही), आणि भरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा. पंखा बंद, हात साबणाने धुतलेले. चार बोटे मिश्रण, त्यावर कडेकडेने बी, पुन्हा मिश्रण, असे थर लावत जा. शेवटचा थर बियांचा, थोडा सढळ हाताने. हाताने दाबा, पण ठेचू नका. तोंड बांधा आणि पिशवीवर तारीख लिहा.

हिरवी बुरशी

पहिले दहा-बारा दिवस म्हणजे धिंगरी आणि हिरवी बुरशी यांची शर्यत. पिशवी जिंकते की हरते ते इथेच ठरते.

ती हिरवी बुरशी बहुतेक वेळा ट्रायकोडर्माच असते, आणि आपल्या भागात हे नाव कुणाला सांगावे लागत नाही. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत, हळदीच्या गादीवाफ्यांवर, उसाच्या सरीत ट्रायकोडर्माची आळवणी करतात, म्हणजे ती पाण्यात कालवून मुळाशी ओततात. मर आणि मूळकूज हे रोग आणणाऱ्या बुरशींना ती खाते म्हणून ती पिकाची मित्र. पण तिला बुरशी खायची सवय, आणि धिंगरी ही बुरशीच. त्यामुळे शेतकरी ग्राहकांना आमचे कळकळीचे सांगणे आहे : ज्या खोलीत ट्रायकोडर्माची पाकिटे, ती मुरवलेल्या शेणखताचे ढीग किंवा आळवणीची बादली असते, तिथे ही पिशवी ठेवू नका. आळवणी करून आल्यावर त्याच कपड्यांनी, त्याच हातांनी पिशवी भरू नका. आंघोळ करून, कपडे बदलून भरा. पिशवी चांगली भरूनही हिरवी पडली, अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच विचारतो.

पिशवी अंधाऱ्या, २२ ते २८ अंशांच्या जागी ठेवा. जिन्याखाली, कपाटामागे, पलंगाखाली कुठेही. एकावर एक रचू नका, वाढताना पिशवी आतून तापते आणि चोथ्याची पिशवी नुसत्या काडाच्या पिशवीपेक्षा जास्त. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यांभोवती पांढरा कापूस दिसू लागतो. पिवळसर पाण्याचे थेंब दिसले तर घाबरू नका, ते धिंगरीच सोडते. नाण्याएवढा हिरवा डाग दिसला तर पिशवी न उघडता वेगळी ठेवा आणि लक्ष द्या. त्या जागी बाहेरून मीठ-पाण्याचे फडके लावून उपयोग नसतो. कधीकधी धिंगरी डागाला वेढा घालून पुढे जाते. डाग तळहाताएवढा झाला की मात्र पिशवी घराबाहेर न्या, आत उघडू नका, नाहीतर हिरवी धूळ पुढच्या पिशवीपर्यंत पोहोचते.

पांढरी झाली, आता उजेड

पंधरा ते वीस दिवसांत पिशवी सगळीकडून पांढरी आणि हाताला घट्ट लागते. आता तिला उजेड आणि हवा हवी. थेट ऊन नको, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड पुरे. ब्लेडने चार-पाच ठिकाणी दोन इंचांच्या फुल्या मारा. दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा, तोही भोवतालच्या हवेत आणि शेजारी टांगलेल्या ओल्या फडक्यावर. कोंबांवर थेट धार मारली तर ते पिवळे पडून सडतात.

पाच-सात दिवसांत फुलीतून टाचणीच्या डोक्यांसारखे करडे कोंब एकदम झुबक्याने बाहेर येतात. त्या दिवसानंतर रोज दोनदा बघा, कारण चोवीस तासांत झुबका दुप्पट झालेला असतो. देठ लांबच लांब आणि वर छत्री बटणाएवढीच राहिली, तर खोलीत हवा कोंडली आहे, खिडकी उघडा. कडा वाळून तडकल्या तर फवारा कमी पडतो आहे. चिलटे आली तर द्राक्षबागेतला पिवळा चिकट सापळा शेजारी लावा. कीटकनाशक अजिबात मारू नका.

ऋतूचे तेवढे बघा. जुलै ते फेब्रुवारी सातारा-सांगलीत धिंगरी सहज येते. महाबळेश्वरच्या पावसात फवाऱ्याची गरजच नसते, उलट हवा खेळती ठेवावी लागते. जत, आटपाडी, माण, खटावकडे फेब्रुवारीतच हवा इतकी कोरडी होते की पिशवीभोवती ओले गोणपाट हवे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत नेहमीची करडी-पांढरी धिंगरी आम्ही देत नाही. तेव्हा गुलाबी धिंगरीचे बी देतो, ती तिशीच्या वरचे तापमान सोसते. दिसायला देखणी, पण काढल्यावर एका दिवसात वापरावी लागते.

काढणी

छत्रीची कड खाली वळलेली असतानाच काढा. कड सपाट होऊन वर वळली की पांढरी धूळ उडू लागते. ते बीजाणू असतात आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. घरात कुणाला दमा असेल तर उजेडाच्या टप्प्यापासून पिशवी गच्चीवर सावलीत किंवा व्हरांड्यात ठेवा. झुबका मुळाशी धरून पिरगळून सगळा एकदम काढा, देठाचे खुंट मागे ठेवू नका. आठ-दहा दिवसांत दुसरी काढणी येते, कधी तिसरीही. एका किटमधून एकूण चारशे-पाचशे ग्रॅम धरून चाला, त्यात पहिली काढणी सगळ्यात मोठी.

पिशवीतून धिंगरीशिवाय दुसरे काही उगवले, विशेषतः बारीक देठाची आणि शाईसारखी काळी होऊन गळणारी छत्री, तर ती खाऊ नका. पावसाळ्यात रानात दिसणाऱ्या छत्र्यांची या धिंगरीशी तुलना करून त्या घरी आणू नका. रंगरूप सारखे असले तरी विषारी जाती ओळखणे फोटोवरून होत नाही. आणि धिंगरी कच्ची खाऊ नये, शिजवूनच खावी.

करताना आधी कोरड्या कढईत मोठ्या आचेवर परता, सुटलेले पाणी आटू द्या, मग तेल, कांदा, कांदा-लसूण मसाला आणि खोबऱ्याचे वाटण. पाणी न आटवता रस्सा केला की ती रबरासारखी लागते आणि मग लोक धिंगरीला नावे ठेवतात. भाजीला कॉफीचा वास येत नाही. जास्त निघाली तर उन्हात वाळवा, छत्रीची खालची बाजू वर करून. उन्हामुळे तिच्यात ड जीवनसत्त्वही तयार होते. वाळल्यावर दहा किलोची साधारण एक किलो होते.

काढण्या संपल्यावर उरलेला गठ्ठा कुस्करून कुंड्यांत, हळदीच्या वाफ्यात किंवा गांडूळखतात घाला. प्लॅस्टिकची पिशवी धुऊन आम्हाला परत दिलीत तर आम्ही ती घेतो.

कॅफे आणि हॉटेलवाल्यांसाठी

झाकणाची स्वच्छ बादली आम्ही देतो. त्यात फक्त चोथा टाकायचा. दूध, साखरेची पाकिटे, टिश्यू, उष्टे काहीही नको, एका कपाच्या दुधाने अख्खी बादली फुकट जाते. सकाळपासूनचा चोथा संध्याकाळी आमचा माणूस घेऊन जाईल. ज्या दिवशी तो येऊ शकणार नाही त्या दिवशी आधी फोन करेल, तेव्हा तेवढी बादली फ्रीजमध्ये ठेवा. नवीन किट हवे असेल तर पिशवीवरच्या नंबरवर भरण्याच्या चार दिवस आधी कळवा, म्हणजे बी ताजे देता येईल.