पार्श्वभूमी : स्क्रिप्टला स्वतःचा पत्ता कसा कळतो

ऐरोलीत आमच्या टीमची एक स्क्रिप्ट, म्हणजे 'जे' (J) या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम, रोज रात्री शेड्युलरवर (ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणाऱ्या सोयीवर) चालते. तिच्याच फोल्डरमध्ये दरांची एक फाइल असते, ती वाचून स्क्रिप्ट हिशेब करते. हाताने चालवून पाहिली तेव्हा सगळं चोख होतं. पहिल्याच रात्री मात्र फाइल सापडत नाही म्हणून थांबली. फाइल जागेवरून हललेली नव्हती. आम्ही ती चालवताना त्या फोल्डरमध्ये होतो, शेड्युलर होम फोल्डरमध्ये होता, एवढाच फरक. "अरे, पूर्ण पाथ, फाइलीचा अख्खा पत्ताच टाकून दे ना," सहकारी म्हणाली. पण टेस्ट मशीनवर तीच स्क्रिप्ट वेगळ्या फोल्डरमध्ये असते. स्क्रिप्टलाच विचारायला हवं होतं, बाई, तू आहेस कुठे? अ‍ॅरे भाषांमध्ये (आकड्यांच्या अख्ख्या याद्यांवर एकदम काम करणाऱ्या, जेसारख्या भाषांमध्ये) हा साधा प्रश्न इतका अवघड का झाला, त्याचं मूळ जुनं आहे.

१९६६ च्या सुमारास एपीएल ही अशीच एक भाषा यंत्रावर चालू लागली तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण स्क्रिप्ट नव्हती. होती ती वर्कस्पेस. फंक्शन आणि डेटा एकाच गाठोड्यात, गाठोडं जतन करायचं आणि पुन्हा उघडायचं. वर्कस्पेसला नाव असे, पण एखादं फंक्शन कुठल्या फाइलीतून आलं, असं विचारण्याला अर्थ नसे.

१९९० मध्ये जे आली. एपीएलची खास चिन्हं गेली, साध्या कीबोर्डवरची अक्षरं आली आणि कोड कुठल्याही एडिटरमध्ये लिहिता येऊ लागला. कोड साध्या मजकुराच्या फाइलींत राहू लागला आणि त्याबरोबर पत्त्याचा प्रश्न आला. त्यावर जेने दिलेलं उत्तर मला आजही नीट विचार करून दिलेलं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

जेमध्ये यंत्रणेशी बोलायच्या सोयी आकड्यांच्या घराण्यांत मांडल्या आहेत. 0!: स्क्रिप्ट चालवण्याचं, 1!: फाइलींचं, 4!: नावांचं. चालू फोल्डर, म्हणजे आज्ञा देताना आपण ज्यात असतो तो, 1!:43 सांगतं, म्हणजे ते फाइलींच्या घराण्यात. स्क्रिप्टचा पत्ता मात्र नावांच्या घराण्यात आहे. 4!:3 आतापर्यंत लोड झालेल्या स्क्रिप्टांची यादी देतं. 4!:4 ला एखादं नाव द्यायचं, की त्या नावाची व्याख्या यादीतल्या कितव्या स्क्रिप्टमध्ये झाली ते कळतं. नाव कीबोर्डवरून आलं असेल तर उत्तर उणे एक. मग रिवाज असा पडला, की स्क्रिप्टमध्ये एक नाव ठेवायचं, त्याचा क्रमांक विचारायचा आणि त्या क्रमांकाने यादीतून पाथ उचलायचा.

नव्याने येणारे यावर वैतागतात. एवढ्याशा गोष्टीला दोन पायऱ्या कशाला, असा सूर असतो. पण 'स्क्रिप्टचा पाथ' या दोन शब्दांत तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत : माणूस कुठल्या फोल्डरमध्ये बसून आज्ञा देतोय, आज्ञेत कुठली फाइल दिली आणि ही ओळ प्रत्यक्षात कुठल्या फाइलीत लिहिलेली आहे. नवी मुंबईत राहणाऱ्याला हा गुंता समजवावा लागत नाही. नुसतं "सेक्टर १५" सांगितलं तर कुरिअरवाला वाशीत जाऊन उभा राहतो आणि आपण बेलापूरमध्ये वाट पाहतो. ऐरोलीतही सेक्टर १५ आहेच. शहर नोडनोडने (वाशी, बेलापूर, ऐरोली हे असे नोड) वसवलं, सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू झाले, त्यामुळे नोड सांगितल्याशिवाय सेक्टरला अर्थ नाही. अर्धवट पाथचंही तसंच : तो कुठून मोजायचा, ते आधी ठरायला हवं.

जेने तिसरी गोष्ट पकडली, ओळ कुठे लिहिली आहे ती. माझ्या मते तीच खरी. उणीव एकच, आणि ती खरी आहे : उत्तर नावाचं मिळतं, चालू ओळीचं नाही. दोन स्क्रिप्टांनी एकच नाव वापरलं तर नंतरची जिंकते.

बाकीच्या भाषा थोडक्यात. क्यू ही भाषा आज्ञेत दिलेल्या मुख्य स्क्रिप्टचं नाव देते. त्या स्क्रिप्टने आत लोड केलेल्या फाइलीलाही तेच मिळतं, म्हणजे लायब्ररी लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मॅटलॅबमध्ये चालू फाइलीचं नाव देणारं फंक्शन आहे, पूर्ण पाथही देतं, फक्त शेवटचं एक्स्टेन्शन गाळून.

खरा वाद २०२० मध्ये आलेल्या बीक्यूएन या भाषेने ओढवून घेतला. तिथे प्रत्येक फाइलीला स्वतःचा पाथ थेट मिळतो, आणि फाइल वाचताना दिलेला अर्धवट पाथ चालू फोल्डरपासून न मोजता त्या कोडच्या फाइलीपासून मोजला जातो. आमची रात्रीची स्क्रिप्ट बीक्यूएनमध्ये असती तर पडली नसती. यावरचा आक्षेपही खोटा नाही : वापरणाऱ्याने टर्मिनलवर फाइलीचं नाव टाइप केलं, तर त्याच्या मनात तो उभा असलेला फोल्डर असतो आणि भाषा शोधते स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये. तिथे चालू फोल्डर वेगळा मागून जोडावा लागतो. मला हा सौदा मान्य आहे. कोडची फाइल सहसा जागेवर राहते, माणूस फोल्डर बदलत राहतो. पण रोज टर्मिनलवर छोटी अवजारं चालवणाऱ्यांना तो जाचतो, आणि त्यांची सवय फार जुनी आहे.

आम्ही जेवरच राहिलो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आता एक नाव आहे, त्याच्या पुढे प्रकल्पाचं नाव जोडलेलं, म्हणजे दुसऱ्या कुणाशी टक्कर नको. दुसऱ्या ओळीत 4!:4 आणि 4!:3 वापरून पाथ काढतो आणि लगेच साठवून ठेवतो, पुढच्या फाइली लोड व्हायच्या आधी. दरांची फाइल तिथूनच उघडते, शेड्युलर कुठेही असो.