डब्ल्यूटी-१: मूत्रपिंड घडवणारे जनुक कर्करोगात कुठल्या बाजूला?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत हातात पडलेल्या बायोप्सीच्या रिपोर्टवर 'डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह' ही ओळ बीजाशयाच्या गाठीतही असते आणि लहान मुलाच्या मूत्रपिंडाच्या गाठीतही. ओळ एकच असली तरी तिचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही.

विल्म्स ट्यूमर ही लहान मुलांच्या मूत्रपिंडाची गाठ वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. तिच्याशी जोडलेले डब्ल्यूटी-१ हे जनुक हाती लागले १९९० मध्ये. माग निघाला डोळ्यांवरून. जन्मतः बुबुळ नसलेल्या काही मुलांत ही गाठ वारंवार आढळे आणि त्यांच्या ११व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असे. (डोळ्याचा दोष शेजारच्या पॅक्स-६ या जनुकामुळे, डब्ल्यूटी-१ सारखेच तेही इतर जनुकांना चालू-बंद करणारे.) १९९३ मध्ये उंदरांतून डब्ल्यूटी-१ च्या दोन्ही प्रती काढल्या, तेव्हा मूत्रपिंडे तयारच झाली नाहीत आणि पिल्ले गर्भातच दगावली. विल्म्सची स्लाइड पाहिली की हे पटते: दाट निळ्या गोल पेशी, त्यांत अर्धवट नळ्या, कच्च्या गाळण्या, कधी चक्क स्नायूंचे धागे. अवयव घडता घडता अडकला आणि पेशी मात्र वाढत राहिल्या.

त्यामुळे या जनुकावर 'गाठ रोखणारे' असा शिक्का बसला. तो घाईचा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर विल्म्सच्या बहुतेक गाठींत हे जनुक शाबूतच असते. दुसरे म्हणजे, रक्ताच्या तीव्र कर्करोगात ते बहुतेक रुग्णांत गरजेपेक्षा जास्त चालू दिसते, इतके की उपचारानंतर उरलेला आजार मोजायला त्याचाच वापर होतो. म्हणजे इथे ते गाठीच्या बाजूला. पण याच कर्करोगाच्या एका प्रकारात, तीव्र मायलॉइड ल्युकेमियात, सुमारे दहा टक्के रुग्णांत ते बिघडलेलेही सापडते. त्यात प्रथिनाचीही अनेक रूपे आहेत. प्रथिनाच्या तिसऱ्या आणि चौथ्या झिंक फिंगरच्या (डीएनए धरणाऱ्या बोटासारख्या घडीच्या) मध्ये तीन अमिनो आम्ले असली की ते आरएनएच्या कामात गुंतते, नसली की डीएनएला घट्ट धरते. या दोन रूपांचे प्रमाण बिघडले एवढ्यानेही मूत्रपिंड निकामी होते आणि जननेंद्रियांची घडण चुकते. १९९७ मध्ये हे उघड झाले. अशा जनुकाला एकाच खान्यात कोंबणे मला पटत नाही.

रिपोर्टात 'पॉझिटिव्ह' ठरवणारा स्लाइडवरचा रंग प्रथिन पेशीत आहे एवढेच सांगतो. जनुक धड आहे की नाही, हे सांगत नाही. त्यासाठी डीएनएची वेगळी तपासणी लागते. दोन्ही मूत्रपिंडांत गाठ असेल किंवा मुलाला जन्मतः जननेंद्रियांचा दोष असेल, तर पालकांनी ती तपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी.